लेफ्टनंट गव्हर्नरची खरी लढत जूनमध्येच झाली

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील लेफ्टनंट गव्हर्नर या पदाला मराठी बातम्यांत सहसा ‘नायब राज्यपाल’ म्हटले जाते. शब्दाला शब्द जुळतो, पण अर्थ पार उलटतो. आपल्याकडे नायब राज्यपाल राष्ट्रपती नेमतात. दिल्ली, पुद्दुचेरीत ते आहेत आणि ३० मे १९८७ रोजी घटक राज्य होईपर्यंत गोव्यातही होते. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात गव्हर्नर आपल्या मुख्यमंत्र्याच्या जागी असतो आणि लेफ्टनंट गव्हर्नरला लोक थेट निवडतात. ४० जणांच्या राज्य सिनेटचे सभापतिपद, समसमान मते पडली तर निर्णायक मत आणि गव्हर्नरपद मध्येच रिकामे झाले तर त्यावर पहिला हक्क, हेच त्या पदाचे मुख्य काम. पगार वर्षाला ३६,३२१ डॉलर, म्हणजे अर्धवेळ कामाचा. तरी उमेदवारांची रांग लागते, कारण डग्लस वाइल्डर, टिम केन आणि राल्फ नॉर्थम हे तिघेही या खुर्चीवरून गव्हर्नर झाले. तिथे गव्हर्नरला लागोपाठ दुसऱ्यांदा उभे राहता येत नाही, त्यामुळे वरची जागा दर चार वर्षांनी मोकळी होतेच.

हैदराबादेत जन्मलेल्या गझाला हाश्मी ४ नोव्हेंबर २०२५ रोजी रिपब्लिकन जॉन रीड यांना हरवून या पदावर निवडून आल्या, तेव्हा त्यांची ठळक बातमी झाली. पण त्यांची खरी कसोटी १७ जूनला, डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार मतदारांनीच निवडायच्या प्राथमिक निवडणुकीत, लागली होती. तिथे सहा उमेदवार होते. हाश्मींना सुमारे २७ टक्के मते पडली. रिचमंडचे माजी महापौर लेवार स्टोनी एका टक्क्याहूनही कमी अंतराने मागे राहिले आणि सिनेटर आरन राऊस त्यांच्या पाठोपाठ होते. म्हणजे दर चार मतदारांपैकी जवळपास तिघांनी दुसऱ्या कुणाला तरी पसंती दिली होती. व्हर्जिनियाच्या प्रायमरीत निम्म्याहून अधिक मतांची अट नाही आणि दुसरी फेरीही नाही. एका मताने पुढे असलेलाही उमेदवार ठरतो. या पदासाठी त्या दिवशी पाच लाखांच्या आसपास मते पडली, नोव्हेंबरात तीस लाखांहून अधिक.

आपल्याकडे उमेदवार कोण, हे एबी फॉर्म कुणाच्या हाती पडतो यावर ठरते. तिथे तो फॉर्म सामान्य मतदारच देतात असे म्हणावे लागेल. मात्र प्रायमरीच्या मतपत्रिकेवर नाव येण्यासाठी राज्यव्यापी पदाच्या उमेदवाराला १०,००० नोंदणीकृत मतदारांच्या सह्या लागतात आणि राज्यातल्या अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) ११ मतदारसंघांपैकी प्रत्येकातून किमान ४००. अर्ज अडतात ते बहुधा या दुसऱ्या अटीवर. वॉशिंग्टनजवळच्या दाट वस्तीत हजारो सह्या पटापट मिळतात, पण नैऋत्येच्या डोंगराळ नवव्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक उमेदवाराला ४०० सह्यांसाठी वणवण करावी लागते. सही करणारा मतदारयादीत नसला किंवा दुसऱ्या मतदारसंघात राहणारा निघाला, तर ती सही त्या मतदारसंघाच्या हिशेबात धरता येत नाही. सह्या गोळा करणाऱ्याने नोटरीसमोर शपथ घेतली नसेल तर अख्खा कागद वाया. म्हणून जाणते प्रचारप्रमुख दीडपट सह्या हाताशी ठेवतात.

आपल्या वाचकांना विशेष वाटावी अशी एक तरतूद म्हणजे प्रायमरीत हरलेल्याचे नाव नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर छापले जात नाही, अपक्ष म्हणूनही नाही. तिकीट हुकले की बंडखोरी, हा मार्ग तिथे जवळजवळ बंदच आहे. माझ्या मते ही तरतूद आपल्या विधिमंडळानेही अभ्यासावी.

रिपब्लिकनांकडे २०२५ मध्ये या पदासाठी प्रायमरी झालीच नाही. पॅट हेरिटी यांनी एप्रिलमध्ये प्रकृतीच्या कारणाने माघार घेतली, रीड एकटे उरले आणि एकच उमेदवार उरला की तिथे मतदान घेत नाहीत. २०२१ मध्ये याच पक्षाने प्रायमरीऐवजी अधिवेशनाचा मार्ग धरला होता. पन्नास हजारांहून अधिक प्रतिनिधींनी नोंदणी केली, राज्यभर ३९ पर्यंत केंद्रे ठेवली आणि पसंतीक्रमाने मतदान घेतले. पहिल्या फेरीत कुणालाच बहुमत नसले तर तळाचा उमेदवार बाद होऊन त्याची मते पुढच्या पसंतीला जातात, आपल्या विधान परिषदेसारखी. मोजणीला दिवस लागले, पण सहा उमेदवारांतून विन्सम सीअर्स बहुमताने पुढे आल्या. पाच-सहा जण रिंगणात असतील तर हीच पद्धत मला न्याय्य वाटते. तिची उणीव एवढीच, की आधी प्रतिनिधी म्हणून नोंदणी करावी लागते आणि सामान्य मतदार बाहेर राहतो.

पोटोमॅक नदी ओलांडून मेरीलँडला गेले की नियम बदलतात. तिथे गव्हर्नर आणि लेफ्टनंट गव्हर्नर जोडीनेच अर्ज भरतात आणि प्रायमरीत एक मत दोघांना पडते. २०२२ मध्ये वेस मूर यांच्या जोडीने निवडून आलेल्या अरुणा मिलर यांचाही जन्म हैदराबादचाच. त्यांच्याकडे मात्र सिनेटचे सभापतिपद नाही. गव्हर्नर सोपवील तेवढेच काम. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाची प्रायमरी लढले आणि तिसरे आले. तिथे लेफ्टनंट गव्हर्नरचा उमेदवार प्रायमरीनंतर पक्षाच्या अधिवेशनात ठरतो. त्यामुळे ‘अमेरिकेत असे असते’ असे सरसकट लिहू नये, राज्याचे नाव द्यावे.

आता व्हर्जिनियातल्या मराठी कुटुंबांसाठी थोडे. तिथल्या मतदार नोंदणीत पक्षाचा रकानाच नाही. केंद्रावर कोणत्या पक्षाची मतपत्रिका हवी हे सांगायचे आणि एकच मिळते. जून २०२५ मध्ये ज्यांनी आपल्या भागातल्या रिपब्लिकन आमदारकीच्या प्रायमरीची पत्रिका घेतली, त्यांना लेफ्टनंट गव्हर्नरसाठी मत देता आले नाही, कारण ते पद त्या पत्रिकेवर नव्हतेच. मेरीलँडमध्ये याउलट पक्षाची नोंद आधीच करावी लागते, नाहीतर पक्षाची प्रायमरी हुकते. व्हर्जिनियात मुदतपूर्व मतदान ४५ दिवस आधी सुरू होते, त्यामुळे जूनच्या सुट्टीत भारतात यायचे असेल तर मे महिन्यातच मत देऊन निघता येते. नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत १८ पूर्ण होणाऱ्या १७ वर्षांच्या मुलांना जूनमध्येही मत देता येते, आणि हे घरोघरी माहीत नसते.

ग्रीन कार्डधारकांनी मात्र फार जपावे. वाहन परवान्याच्या कार्यालयात मतदार नोंदणीचा प्रश्न विचारतात. घाईत ‘होय’वर खूण झाली आणि पुढे मतही दिले, तर तो संघराज्याच्या कायद्याने गुन्हा ठरतो आणि नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी तो समोर येतो. अशी खूण चुकून झाली असेल तर मतदान न करता आपल्या काउंटीच्या निवडणूक कार्यालयाला लेखी कळवून नाव काढून घ्यावे आणि त्या पत्राची प्रत जपून ठेवावी.

आपला,
एक वाचक
फेअरफॅक्स काउंटी, व्हर्जिनिया