मक्याची पाणीपाळी तारखेवर ठरवू नका

मा. संपादक,
स. न.

मक्याच्या पाणी नियोजनावरचा आपला लेख वाचला. सेन्सर बसवला की प्रश्न मिटला, असा त्याचा सूर वाटला. तारीख, यंत्र आणि हिशेब असे तिन्ही प्रकार करून पाहिलेत, म्हणून लिहितो.

दर दहा दिवसांनी पाणी, हे लक्षात ठेवायला सोपं. पण उगवणीनंतर मक्याचा पीक गुणांक, म्हणजे हिरव्या गवताच्या तुलनेत पीक किती पट पाणी ओढतं तो आकडा, ०.३ च्या आसपास असतो, तुऱ्याच्या सुमारास तो १.२ वर जातो. ऊन तेवढंच असलं तरी तहान चौपट! तारीख धरून चालणारा सुरुवातीला पाणी वाया घालवतो आणि नेमकं कणसाचं केसर बाहेर पडताना हात आखडतो. त्या आठवड्यातला ताण नंतर कितीही पाणी दिलं तरी भरून निघत नाही. कणसात दाणेच कमी भरतात.

यंत्राचंही ऐका. टेन्शिओमीटर म्हणजे मातीत रोवायची पाण्याने भरलेली नळी; माती जितकी सुकी, तितका तिचा काटा वर. एका दुपारी तो काटा जवळजवळ शून्यावर होता. ओल भरपूर आहे असं समजून मी पाळी पुढे ढकलली. दुसऱ्या दिवशी सकाळीच पानं सुरळीसारखी वळलेली! दुपारच्या उन्हात पान वळणं मी एकवेळ चालवून घेतो, सकाळी नाही. झालं होतं असं, की माती काट्यावरच्या ८० सेंटीबारच्या (मातीच्या ओढीचं माप) पुढे सुकली, नळीत हवा शिरली आणि काटा खाली आला. नळीतलं पाणी बघायचं मला सुचलंच नाही.

आता मी पाण्याचं पासबुक ठेवतो. मध्यम जमिनीत मीटरभर खोलीत पिकाला घेता येईल अशी ओल साधारण १५० मिमी. मुळांचा थर ६० सेंमी धरला तर ९० मिमी. त्यातली निम्मी, म्हणजे ४५ मिमी संपेपर्यंत थांबतो. ऐन तुऱ्यात रोज ७ मिमी खर्च होत असेल, तर सहाव्या दिवशी पाणी सोडावंच लागतं. पाऊस जमेला धरताना मात्र वाहून गेलेलं पाणीही चुकून जमा होतं. म्हणून आठवड्यातून एकदा खोलवरची माती मुठीत दाबून बघतो. पासबुक आणि मूठ यांचं जमलं नाही, तर मुठीचं ऐकतो.

या हिशेबाला रोजचं संदर्भ बाष्पपर्णोत्सर्जन, म्हणजे त्या दिवशीच्या हवेने भरपूर पाणी असलेल्या हिरव्या गवतातून आणि त्याच्या मातीतून किती मिलिमीटर पाणी ओढलं असतं तो आकडा लागतो. त्याला पीक गुणांकाने गुणलं की मक्याचा रोजचा खर्च निघतो. कमाल-किमान तापमानाच्या चौकटीत आपण तो रोज छापाल का?

आपला,
एक मका उत्पादक