पाण्याचा हिशेब मांडून देणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

वैशाख उजाडला तरी यंदा आमच्या गावात टँकर मागवावा लागलेला नाही. तुम्हाला फोनवर सांगता आलं असतं, पण हे चारचौघांत सांगावंसं वाटलं.

तुमच्याआधी माणदेशातल्या आमच्या या गावात बरेच जण येऊन गेले. बंधाऱ्यावर फोटो काढायचे, चहा घ्यायचा आणि जाताना 'आणखी दोन बोअर मारा' म्हणायचं. बोअर मारले, नुसता फुफाटा निघाला. गावात पाऊस किती पडतो नि आपण उपसतो किती, हे एकानंही विचारलं नाही. तो राग अजून जात नाही.

तुम्ही पर्यावरण अभियांत्रिकीचे प्राध्यापक. उभी हयात पाण्याचं नियोजन आणि त्याचं अर्थशास्त्र शिकवण्यात गेलेली. 1950च्या दशकात हार्वर्डला अभियंते आणि अर्थतज्ज्ञ एकत्र बसून नदीखोऱ्याचा विचार करू लागले, ती विद्या तुम्ही आमच्या शाळेच्या फळ्यावर आणलीत. हेक्टरभर रानावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर. 500 मिलिमीटर पडला तर 50 लाख. आणि पाटानं भिजवलेल्या हेक्टरभर उसाला लागतात जवळजवळ 2 कोटी! चार हेक्टरांवरचा अख्खा पाऊस एका हेक्टरात. ऊसवालेही गप्प झाले. एकरी किती निघालं हे आम्ही रोज एकमेकांना विचारतो. हजार लिटरमागे किती निघालं, हे कधी मनातही आलं नव्हतं.

पण माझ्या मनात घर करून बसलंय ते वेगळंच. पिण्या-वापरायला माणशी रोज 55 लिटर धरून तुम्ही बेरीज केलीत, तेव्हा मागून वस्तीवरच्या आजी म्हणाल्या, "अन् माझ्या म्हशी काय वारा पित्यात?" सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. "बरोबर आहे आजी तुमचं," म्हणत तळहातानं सगळी बेरीज पुसलीत. उन्हाळ्यात म्हैस किती बादल्या पिते हे त्यांनाच विचारलंत, त्यांचा आकडा सगळ्यात वर लिहिलात आणि गणित पहिल्यापासून मांडलंत. त्या बाईला ग्रामसभेत कुणी 'बसा' म्हटलेलंही मला आठवत नाही.

विलासराव साळुंखे यांनी 1972च्या दुष्काळानंतर पुरंदरात पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशेबानं वाटलं, भूमिहीनालाही त्यात हक्क दिला, हे तुम्ही नंतर सांगितलंत. मला ते लगेच पटलं, कारण थोड्या वेळापूर्वी तुम्हाला तसंच वागताना पाहिलं होतं. एवढं शिकून माणसाचा आवाज एवढा मऊ राहू शकतो, याचं आम्हा सगळ्यांना अप्रूप आहे.

गावातला सगळा ऊस गेलेला नाही, खोटं कशाला सांगू. काहींनी ठिबक केलंय, बाकीच्या रानात ज्वारी-हरभरा झाला. ऑक्टोबरात विहिरी मोजून पुन्हा हिशेब मांडायचाय. मागे तुम्ही एस.टी.चं भाडंसुद्धा देऊ दिलं नाहीत. निदान या खेपेला मुक्कामाला या.

आपला,
गावातला एक शेतकरी