‘धोकादायक पोर्ट’ यादी कशी वाचावी?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या तंत्रज्ञान पुरवणीत ‘संगणकावरील धोकादायक पोर्ट’ या मथळ्याखाली प्रसिद्ध झालेला तक्ता वाचला. डावीकडे पोर्टचा क्रमांक आणि उजवीकडे एखाद्या ट्रोजनचे (उपयुक्त प्रोग्रॅमच्या वेषात शिरणाऱ्या दुष्ट सॉफ्टवेअरचे) किंवा वर्मचे (एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप पसरणाऱ्या दुष्ट सॉफ्टवेअरचे) नाव, अशी त्याची मांडणी आहे. असे तक्ते गेली वीस-पंचवीस वर्षे हातोहात फिरत आहेत आणि त्यांतील बहुतेक नोंदी खोट्याही नाहीत. तरीही तो तक्ता समोर ठेवून एखादा वाचक आपला संगणक तपासू लागला, तर धडधाकट संगणकाला बाधित ठरवणे आणि बाधित संगणकाला निर्धोक समजणे, या दोन्ही चुका त्याच्या हातून होऊ शकतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

पोर्ट म्हणजे टीसीपी किंवा यूडीपी या, नेटवर्कवरून माहिती पोचवण्याच्या दोन प्रोटोकॉलमधील (नियमपद्धतींमधील) १६ बिटांचा, ० ते ६५५३५ या मर्यादेतला एक क्रमांक. संगणकावर चालू असलेल्या अनेक प्रोग्रॅमपैकी आलेले पॅकेट (माहितीचा तुकडा) कोणाच्या हवाली करायचे, एवढेच त्यावरून ठरते. १०२३ पर्यंतचे क्रमांक प्रस्थापित सेवांसाठी, १०२४ ते ४९१५१ नोंदणीसाठी आणि त्यापुढचे तात्पुरत्या वापरासाठी, अशी विभागणी असून तिची नोंदवही इंटरनेटवरील क्रमांकांचे वाटप पाहणारी आयाना ही संस्था सांभाळते. या नोंदवहीला परवान्याचे मोल नाही. एखाद्या क्रमांकाची नोंद झाली म्हणजे त्यावरून होणारी वाहतूक चांगलीच असेल असे समजू नये, अशी स्पष्ट सूचना आयानानेच नोंदवहीच्या आरंभी दिली आहे. ट्रोजन लिहिणारा क्रमांकासाठी अर्ज करत बसत नाही आणि दुसऱ्याच्या नावावरचा क्रमांक वापरणाऱ्या प्रोग्रॅमला कोणी अडवतही नाही. १२३४५ हा क्रमांक आयानाच्या दप्तरी आयटॉक नावाच्या चॅट प्रणालीच्या नावे आहे. १९९८ मध्ये आलेल्या नेटबस या ट्रोजनने तोच उचलला, आणि कार्यालयांसाठीचे एक प्रसिद्ध अँटिव्हायरस सॉफ्टवेअरही त्याच क्रमांकावर ऐकत, म्हणजे जोडणीची वाट पाहत, असे. परिणामी पोर्टची यादी तेवढी पाठ केलेली तपासणी-साधने खुद्द अँटिव्हायरसलाच ट्रोजन ठरवून मोकळी होत.

तक्त्यातील मोठा घोटाळा मात्र वेगळाच आहे. त्यात वेगवेगळ्या जातींच्या नोंदी एकाच रकान्यात कोंबल्या आहेत. नेटबसचा १२३४५, सबसेव्हनचा २७३७४ आणि बॅक ऑरिफिसचा यूडीपी ३१३३७ हे क्रमांक त्या त्या ट्रोजनने बाधित संगणकावर स्वतः उघडलेले असत. तिथे बाहेरून जोडणी करून संगणकाचा ताबा घेतला जाई. ४४५, १३५ किंवा १४३४ यांची गोष्ट तशी नाही. हे अधिकृत सेवांचे क्रमांक आहेत आणि त्या सेवांमधील त्रुटींचा फायदा घेऊन वर्म आत शिरले. २००४ मधल्या सॅसर या वर्मचे उदाहरण घ्या. तो ४४५ वरून विंडोजच्या एलसॅस या लॉगिन व सुरक्षा सांभाळणाऱ्या सेवेतील त्रुटीवर हल्ला करी, सावजाच्या संगणकावर ९९९६ वर कमांड शेल (आज्ञा देण्याची खिडकी) उघडी आणि त्या शेलमधून हल्लेखोर संगणकाच्या ५५५४ वरील एफटीपी (फाइल पाठवणाऱ्या) सर्व्हरकडून स्वतःची प्रत मागवून घेई. तक्त्यात या तिन्ही क्रमांकांपुढे ‘सॅसर’ एवढेच लिहिले आहे. त्यातला ५५५४ उघडा दिसला तर त्या काळी संगणक बाधित असल्याचा दाट संशय घेणे योग्य होते. ४४५ उघडा दिसला तर फाइल शेअरिंग चालू आहे, इतकेच कळत होते. पुढे डॅबर नावाच्या दुसऱ्या वर्मने सॅसरच्याच एफटीपी सर्व्हरमधील त्रुटी शोधून बाधित संगणकांत प्रवेश केला. चोरावर मोर म्हणतात तो हा प्रकार. म्हणजे ५५५४ पुढे खरे तर दोन नावे हवीत, आणि ती दोन वेगळ्या अर्थांनी.

१४३४ पुढे लिहिलेला स्लॅमर तर याहून बोलका आहे. २५ जानेवारी २००३ रोजी अवघ्या ३७६ बाइटांच्या या वर्मने यूडीपी १४३४ वरून मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर झडप घातली आणि बळी पडू शकणाऱ्या संगणकांपैकी ९० टक्क्यांहून अधिक पहिल्या दहा मिनिटांत गाठले. त्रुटीवरचा इलाज सहा महिने आधीच, जुलै २००२ मध्ये, उपलब्ध झालेला होता. या वर्मने मागचे दार म्हणून एकही पोर्ट उघडले नाही, डिस्कवर फाइलही लिहिली नाही. तो फक्त मेमरीत राहत असे. त्यामुळे १४३४ उघडे आहे म्हणून स्लॅमर असल्याचा निष्कर्ष काढणे साफ चुकीचे ठरते. २०१६ मधल्या मिराई या दुष्ट सॉफ्टवेअरने तर उलटाच धडा दिला. कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून तो २३ आणि २३२३ वरील टेलनेटमधून (दुरून आज्ञा देण्याच्या सेवेतून) कॅमेऱ्यांत व राउटरांत शिरे आणि नंतर तेथील टेलनेट सेवाच बंद पाडी, जेणेकरून दुसऱ्या कोणाला आत येता येऊ नये. अशा उपकरणावर टेलनेट चालत नाही हे पाहून मालकाने समाधान मानले असेल, तर त्याची फसगत झाली.

जुन्या नोंदींबाबत आणखी एक गोष्ट विसरली जाते. आपला संगणक बाहेर जोडणी करतो तेव्हा त्याच्या बाजूला एक तात्पुरता पोर्ट क्रमांक लागतो. विंडोज एक्सपीपर्यंत हे क्रमांक साधारण १०२५ ते ५००० या पट्ट्यातून घेतले जात. सबसेव्हनच्या आरंभीच्या आवृत्त्यांचा १२४३, मायडूम या वर्मचा ३१२७ आणि ब्लास्टर या वर्मचा ४४४४ हे सारे त्याच पट्ट्यात येतात. वेबपान उघडताना सहज पडलेला क्रमांक तक्त्यात सापडला की माणसाचा जीव टांगणीला लागणार, हे ओघानेच आले.

आजचे दुष्ट सॉफ्टवेअर बहुधा स्वतःचे पोर्ट उघडून वाट पाहत बसत नाही. राउटरमधील पत्ता-रूपांतरण (आतले संगणक एकाच बाह्य पत्त्याआड ठेवण्याची सोय) आणि फायरवॉल यांमुळे बाहेरून आत येणे अवघड झाले आहे, म्हणून ते आतून बाहेर जोडणी करते आणि त्यासाठी जे पोर्ट कोणीच बंद करू शकत नाही तेच निवडते: वेबचे ४४३, नाहीतर डीएनएसचे, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधण्याच्या सेवेचे, ५३. आपल्या तक्त्यात या दोहोंपुढे कोणाचेही नाव नाही. नाव घातले तरी उपयोग काय, हाही प्रश्नच आहे.

मग पाहावे काय? विंडोजवर ‘नेटस्टॅट’ ही आज्ञा ‘-एएनओ’ या पर्यायासह (netstat -ano) दिली की प्रत्येक जोडणीच्या ओळीत स्थानिक पत्ता, अवस्था आणि शेवटी प्रोसेसचा क्रमांक दिसतो. ४४५ समोर ‘लिसनिंग’ आणि शेवटी ४ असे दिसले, तर ती विंडोजची स्वतःची ‘सिस्टिम’ प्रोसेस आहे. एवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. स्थानिक पत्ता १२७.०.०.१ असेल तर ती सेवा त्या संगणकापुरतीच आहे, ०.०.०.० असेल तर ती सर्व नेटवर्क जोडण्यांवर ऐकते आहे, आणि तेव्हा फायरवॉल बाहेरच्या जोडण्या तिच्यापर्यंत येऊ देते का, हे पाहणे अगत्याचे ठरते. अनोळखी प्रोसेस कोणत्या फोल्डरमधून चालते आहे, हे टास्क मॅनेजरमध्ये कळते. राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंगचे (बाहेरची जोडणी आतल्या संगणकाकडे वळवण्याचे) कोणते नियम आहेत आणि यूपीएनपीमुळे (प्रोग्रॅमना असे नियम आपोआप करू देणाऱ्या सोयीमुळे) आपल्या नकळत कोणते तयार झाले आहेत, हेही एकदा पाहून घ्यावे. माझ्या अनुभवात सर्वाधिक अनपेक्षित गोष्टी तिथेच सापडतात.

तक्त्याखालील ‘हे पोर्ट बंद करा’ हा सल्लाही उफराटा आहे. पासष्ट हजारांतून पन्नास वाईट क्रमांक निवडून अडवण्यापेक्षा, बाहेरून येणारे सारेच अडवून गरजेपुरते खुले करणे, हीच रूढ आणि योग्य पद्धत आहे. रिमोट डेस्कटॉप (दुरून संगणक वापरण्याची सेवा) ३३८९ वरून दुसऱ्या क्रमांकावर हलवण्यानेही फारसे काही साधत नाही. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये झी-मॅप हे साधन प्रसिद्ध केले, त्याने एका संगणकावरून इंटरनेटच्या संपूर्ण आयपीव्ही-४ पत्त्यांवर एखादे पोर्ट ४५ मिनिटांच्या आत तपासता येऊ लागले. अशा परिस्थितीत सेवा अद्ययावत ठेवणे आणि व्हीपीएनच्या (कूटबद्ध खासगी जोडणीच्या) आड नेणे हेच अधिक उपयोगाचे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर वर्मने ४४५ वरून जो धुमाकूळ घातला, त्या त्रुटीवरचा इलाजही त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आलेला होता.

आपण हा तक्ता पुन्हा छापणार असाल, तर त्यात आणखी तीन रकाने घालावेत, अशी विनंती आहे: दुष्ट सॉफ्टवेअर कोणत्या वर्षीचे, ते पोर्ट त्याने स्वतः उघडले की तिथल्या सेवेवर हल्ला केला, आणि आयानाच्या नोंदवहीत तो क्रमांक कोणाच्या नावे आहे. प्रोटोकॉल टीसीपी की यूडीपी, हेही प्रत्येक ओळीत लिहावे. सध्याच्या तक्त्यात ३१३३७ पुढे ते नाही, आणि केवळ टीसीपी तपासणाऱ्याला तेथे बॅक ऑरिफिस कधीच सापडले नसते.

आपला,
संगणक नेटवर्कच्या देखभालीचे काम करणारा एक वाचक