तक्रार: ‘टॉप निघतो’ वाचून घेतलेला डिशवॉशर ओट्याखाली जात नाही, आणि ‘ए++’ म्हणजे नक्की काय तेही कोणी सांगत नाही

प्रति,
कस्टमर केअर विभाग

नमस्कार,

तुमच्या चॅटवर दर वेळी नवीन माणूस येतो आणि पहिल्यापासून मॉडेल नंबर विचारतो, म्हणून आता सगळं एकदाच नीट लिहून मेल करतेय, कृपया वरच्या कोणापर्यंत तरी पोचवा.

आम्ही चिंचवडला राहतो. यंदा किचन घरच्या घरीच नवं करायला घेतलं, कॉन्ट्रॅक्टर नाही, सुतार नाही. सासरे टूलरूममधून रिटायर झालेत, कटर ड्रिल लेव्हल सगळं त्यांच्याकडे आहे, मी वाचून, मापं काढून द्यायची आणि त्यांनी कापायचं असं चाललंय, फक्त ग्रॅनाइटला माणूस बोलावला. डिशवॉशर आधी फायनल करायचा आणि मग त्याच्या मापाने जागा सोडायची हे पहिल्यापासून ठरलेलं होतं, कारण ग्रॅनाइट एकदा बसला की बसला.

तुमच्या वेबसाईटवर या मॉडेलखाली लिहिलंय, रुंदी 600, खोली 600, उंची 845 मिमी, आणि त्याच्याच खाली ‘वरचा टॉप काढल्यास 815, काउंटरखाली बसवता येतो’. स्क्रीनशॉट जोडलाय. सासूबाईंची उंची बेताची, त्यामुळे ओटा 840 च्या वर न्यायचा नव्हता, त्यातला ग्रॅनाइट 20 चा, म्हणजे खाली 820 उरतात. 815 चं मशीन त्यात जातं. सासऱ्यांनी जागा सोडली, बाजूच्या ट्रॉल्या बसवल्या, पाण्याची लाईन आणि 16 अँपिअरचा पॉइंटही शेजारच्या कप्प्यात काढून ठेवला.

मग तुमचा टेक्निशियन आला आणि म्हणाला, मॅडम ह्याचा टॉप निघत नाही, काढला तर वॉरंटी जाईल. मी त्याला तुमचंच पान दाखवलं तर म्हणे ते दुसऱ्या देशातल्या मॉडेलचं असेल. अहो मग ते तुमच्या भारताच्या साईटवर काय करतंय? कस्टमर केअरला फोन केला तर त्यांनी 15,000 रुपये जास्त देऊन बिल्ट-इन मॉडेल घ्या असा सल्ला दिला. सध्या मशीन बाल्कनीत खोक्यात पडून आहे आणि ओट्याखाली भोक आहे.

आता दुसरा मुद्दा, आणि मला खरं तर याचाच जास्त राग आलाय. मी हे मॉडेल वीज कमी खातं म्हणून निवडलं. शोरूमच्या मुलाने ‘फाइव्ह स्टार आहे’ सांगितलं, पण मशीनवर कुठलाच स्टार नाही, स्टिकर आहे तो युरोपचा, मशीन वीज किती खातं ते अक्षरात सांगणारा, ‘ए++’ वाला. घरी येऊन वाचलं तर कळलं की युरोपने 1 मार्च 2021 पासून डिशवॉशरची ही प्लसवाली पट्टीच बंद केली, आता ए (सगळ्यात चांगलं) ते जी आहे, आणि जुनी ए++ मशिनं नव्या पट्टीवर बरीच खाली, साधारण ‘ई’ पर्यंत येतात. मशीन तेच, वीज तेवढीच, पण ‘ई’ लिहिलं असतं तर मी आणखी दोन मॉडेलं बघितली असती ना! जुन्या स्टिकरवर वर्षाचे 262 युनिट लिहिलेत, ते 280 वेळा लावलं असं धरून, म्हणजे एका वेळेला साधारण 0.94 युनिट, हा भागाकार मला करावा लागला. नव्या लेबलवर सरळ 100 वेळांचे युनिट आणि एका वेळेचं पाणी लिहिलेलं असतं. तुम्ही सरळ तसं का छापत नाही?

बरं, हा आकडा फक्त इको प्रोग्रॅमचा. इको साडेतीन-पावणेचार तास चालतो कारण पाणी कमी तापवून जास्त वेळ फिरवतो, वीज मुख्यतः पाणी तापवण्यातच जाते, हे समजलं आणि पटलंही. पण तुमचा डेमोवाला काय सांगून गेला, ‘आपली तेलकट भांडी आहेत, कढई-कुकरला रोज 70 डिग्रीवालाच लावा’. मॅन्युअलच्या तक्त्यात त्याला दीड युनिट आहे! रोज लावलं तर महिन्याला 15-17 युनिट जास्त, आणि महावितरणचा 300 च्या वरचा स्लॅब लागला की ते युनिट कसे लागतात ते आम्हाला माहितीये. बचतीच्या नावाने विकायचं आणि डेमोत बचत बंद करायला शिकवायचं, हे काय आहे?

तिसरं सोलरचं. आमच्या बिल्डिंगवर पाणी तापवायचा सोलर आहे, ती गरम पाण्याची लाईन किचनपर्यंत आणायचा विचार आहे. मॅन्युअल म्हणतं 60 डिग्रीपर्यंतचं गरम पाणी चालेल, चॅटवाला म्हणतो फक्त गार, नाहीतर वॉरंटी रद्द. उन्हाळ्यात सोलरचं पाणी 60 च्या वर जातं, त्यासाठी सासरे गार पाणी मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह टाकणार आहेत, तेवढी अक्कल आम्हाला आहे. पण दोघांपैकी खरं कोण बोलतंय ते लेखी पाहिजे.

मशीन वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, लावूनच बघितलं नाही तर काय म्हणणार. पण मापं लिहून दिली ती तुम्ही, आणि त्या मापावर आमचा ओटा बांधलाय. त्यामुळे ओट्याखालच्या 820 मध्ये खरंच बसणारं मॉडेल जादा पैसे न घेता बदलून द्या, नाहीतर हे परत न्या आणि पूर्ण पैसे परत करा, नेण्याचा खर्च तुमचा. बदलून देणार असाल तर त्या मॉडेलचे इको आणि 70 डिग्री दोन्हीचे युनिट आणि लिटर आधी मेलवर पाठवा, आणि सोलरचं उत्तरही त्यातच. शिवाय वेबसाईटवरची ती टॉपची ओळ काढा, अजून कोणीतरी आत्ता मापं घेत बसलं असेल.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर 1915 वर ग्राहक हेल्पलाईनला तक्रार टाकणार. तिथे नाही झालं तर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात, 2019 च्या कायद्याने आता राहत्या ठिकाणीच केस करता येते, तुमचं हेड ऑफिस कुठेही असो. सोबत बिल, स्क्रीनशॉट, स्टिकरचा फोटो आणि ओट्याखाली टेप धरलेला फोटो जोडलाय, 820 स्पष्ट दिसतंय.

आपली,
एक ग्राहक, चिंचवड

ता.क. फोन दुपारी 2 नंतर करा, आणि प्लीज मॉडेल नंबर विचारू नका, बिलावर आहे.