जीन बंद कोण ठेवतं तेही छापा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विज्ञानाच्या पानावर जनुकांबद्दल काही आलं की मी आधी तेच वाचतो, पण एक गोष्ट सारखी खटकते म्हणून लिहितोय. अमुक आजाराचं जीन सापडलं, तमुक जीन ऑन झालं (म्हणजे त्यावरून प्रोटीन बनू लागलं), एवढंच येतं. ते एरवी बंद कोण ठेवतं यावर एक ओळ नसते! अहो, डोळ्यातल्या आणि लिव्हरमधल्या पेशीत डीएनए तोच, मग डोळ्यात लिव्हरची एन्झाइम्स का बनत नाहीत? बाकीची जीन्स तिथे दाबून ठेवलेली असतात म्हणूनच ना.

ई. कोलाय हा जिवाणू घ्या. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज वापरायची त्याची तीन जीन्स एका ओळीत आहेत, आणि लॅक्टोज नसेल तेव्हा रिप्रेसर नावाचं प्रोटीन त्यांच्या तोंडाशी डीएनएवर ठाण मांडून बसतं, मग आरएनए (जीनची कामचलाऊ नक्कल, जिच्यावरून प्रोटीन बनतं) बनवणारं एन्झाइम पुढे सरकूच शकत नाही. असे रिप्रेसर पेशीत किती, तर जेमतेम 10 च्या आसपास. जाकोब आणि मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1961 मध्ये हे मांडलं, 1965 चं नोबेलही मिळालं (ल्वॉफ या आणखी एका शास्त्रज्ञासोबत).

आता खरी गंमत. रिप्रेसरला हटवतो तो अॅलोलॅक्टोज नावाचा रेणू, आणि तो लॅक्टोजपासून बनवतं तेच एन्झाइम जे या बंद जीनमधून तयार व्हायचं असतं! म्हणजे कुलूप थोडं ढिलं हवंच, एन्झाइमचे दोनचार रेणू निसटून बनत राहतात म्हणून तर साखर आल्याचं पेशीला कळतं. आणि रिप्रेसरचंच जीन बिघडलं तर? लॅक्टोज असो नसो, पेशी एन्झाइम बनवतच सुटते. त्यामुळे 'जीन बिघडलं म्हणजे काम थांबलं' हे तुमच्याकडे नेहमी छापून येणारं वाक्य सरसकट खरं नाही.

आपल्यासारख्यांच्या पेशीत प्रकार आणखी वेगळे, डीएनए हिस्टोन नावाच्या प्रोटीनांभोवती घट्ट गुंडाळून ठेवणं वगैरे. मांजरीच्या दोन एक्स क्रोमोझोमपैकी एक तर प्रत्येक पेशीत जवळपास अख्खाच बंद असतो. केशरी रंगाचं जीन एक्सवरच असतं, आणि ते दोनपैकी एकाच एक्सवर असेल तर कुठल्या पेशीत कुठला एक्स बंद पडेल ते नशिबावर, म्हणून अशा मांजरीच्या अंगावर काळेकेशरी ठिपके. मांजरीचा फोटो छापून हे सांगितलंत तर शाळकरी पोरंही वाचतील.

आपला,
एक नियमित वाचक