कादंबरीला नुसतं प्रूफ वाचून भागत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या नव्या कथा-कादंबऱ्यांवर जो लेख आला तो आवडला, म्हणजे निम्मा आवडला. शेवटी सगळ्या पुस्तकांना मिळून एकच शेरा मारलाय, की शुद्धलेखनाच्या चुका टाळायला हव्या होत्या. हा शेरा आपल्याकडं कुठल्याही परीक्षणाच्या शेवटी असतोच, आणि त्यातून नव्या लिहिणाऱ्याची अशी समजूत होते की पुस्तकाला एक ऱ्हस्व-दीर्घ बघणारा माणूस मिळाला की काम झालं. मग ओळखीतल्या मराठीच्या सरांकडं फाइल जाते, सर तांबडा पेन घेऊन बसतात, मे महिन्याच्या सुट्टीत सगळं तपासून देतात, पैसे घेत नाहीत बिचारे, आणि पुस्तक शुद्ध होतं पण कादंबरी बिघडून येते. मी डीटीपीवाल्यांकडची, म्हणजे संगणकावर पानं लावणाऱ्यांकडची, प्रुफं वाचते आणि गोष्टी-कादंबऱ्यांचं कॉपी एडिटिंग करते, म्हणून हे पत्र.

बिघडते कशी ते सांगते. आपल्या गावातलं पात्र 'काय करूलालास बे' म्हणतं. सर ते खोडून 'तू काय करत आहेस?' करतात. झालं, साखर पेठेतला पोरगा एकदम आकाशवाणीवर बातम्या द्यायला बसला! आता कुणी फाइल त्या एआयला देऊन 'शुद्ध करून दे' म्हणतं, तिथंही बहुतेक वेळा हेच होतं, फक्त दोन मिनिटांत होतं. मराठीचे लेखनाचे नियम आहेत, १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये वाढवलेले चार असे अठरा, ते मला मान्य आहेत, निवेदनात मी ते कडक लावते. सोलापूर लिहिताना पू दीर्घ, पण सोलापुरात आणि सोलापुरी चादर लिहिताना पु ऱ्हस्व, हे लेखकांचं सोडा, गावातल्या पाट्या रंगवणाऱ्यांनाही कुणी सांगितलेलं नसतं. पण पात्राच्या तोंडचं बोलणं हे लेखकानं कमावलेलं असतं, तिथं नियमाचं पुस्तक घेऊन घुसायचं नसतं.

मग तिथं कॉपी एडिटरचं काम काय? तर तेच खरं काम आहे. सोलापुरात कुणी 'करूलालास' म्हणतं, कुणी 'करलालास', कुणी 'करायलास', आणि लेखक वर्षभर रात्री जागून लिहीत असतो तेव्हा त्याच्या हातून एकाच माणसाच्या तोंडी तिन्ही येतात. पहिल्या प्रकरणात आक्का, सातव्यात अक्का. कधी बे, कधी बेऽ, कधी नुसतंच काही नाही. वाचकाला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही पण ते माणूस खरं वाटेनासं होतं. शहराच्या पूर्वभागातल्या तेलुगू घरात वाढलेल्याचं मराठी, अक्कलकोटकडच्या कानडी घरातल्याचं मराठी आणि मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याचं मराठी ही एक नाहीत, आणि तोच माणूस कलेक्टर कचेरीत गेला की वेगळंच बोलतो हेही खरं. म्हणून मी प्रत्येक पात्राची एक नोंद ठेवते, ह्याचं क्रियापद कसं, हा आईला काय म्हणतो, कुणापुढं भाषा बदलतो. त्याला धंद्यात स्टाइल शीट म्हणतात, साधी वही चालते. त्यातच निवेदन 'केले-गेले' आहे की 'केलं-गेलं', मनातले विचार एकेरी अवतरणात की अवतरणाशिवाय, आकडे अक्षरी की अंकी, मोबाइल की मोबाईल, हे सगळं ठरवून लिहायचं आणि चारशे पानं ते पाळायचं. कुठलं बरोबर यापेक्षा एकच काहीतरी पाळलंय का, हे बघायचं असतं.

आणि दुसरं म्हणजे कथेतलं खरंखोटं. कादंबरी खोटीच असते हे कबूल, पण तिच्यातला काळ खोटा असून चालत नाही. १९९१ सालच्या कॉलेजच्या गोष्टीत नायकाच्या खिशात मोबाइल वाजतो, भारतातला पहिला मोबाइल कॉलच १९९५ मधला. १९५० सालच्या बाजारात म्हातारी पाच नये पैसे मोजते, तेव्हा आणे होते, नये पैसे आले १९५७ च्या एप्रिलात. इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉच्या, म्हणजे लष्करी कायद्याच्या, दिवसांवर लिहायचा तर आपल्याकडं सगळ्यांनाच मोह होतो, तिथं तर फार जपावं लागतं. मार्शल लॉ मे १९३० चा, आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना फाशी झाली ती १२ जानेवारी १९३१ ला, येरवड्याच्या तुरुंगात. हे कादंबरीत सोलापुरात आणि त्याच पावसाळ्यात घडलं, तर बाहेरचा वाचक कदाचित सोडून देईल, आपला माणूस पुस्तक मिटेल. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संक्रांतीच्या सुमाराची, तिथून आठवड्याभरात पात्रं आंब्याच्या पेट्या फोडत असतील तर मध्ये दोन-तीन महिने कुठंतरी पडलेत हे कुणीतरी लेखकाला विचारायला पाहिजे ना. विचारायचं, बरं का. बदलायचं नाही. कॉपी एडिटर समासात प्रश्न टाकतो आणि लेखक ठरवतो, आणि लेखक 'नाही, असंच पाहिजे' म्हणाला तर विषय संपला. हे ज्याला जमत नाही त्यानं स्वतःची कादंबरी लिहावी, दुसऱ्याची कशाला.

फाइंड-रिप्लेसबद्दल बोलायलाच पाहिजे, कारण त्यानं जेवढी पुस्तकं नासली तेवढी वाळवीनं नासली नसतील. शेवटच्या क्षणी लेखकाला वाटतं की नायकाचं नाव राम नको, शाम करू, आणि डीटीपीवाला एक बटण दाबतो, मग गावकरी एकमेकांना शामशाम घालतात आणि आजोबा दुपारी आशाम करतात. तसंच धाराशिवचं. नाव अधिकृतपणे बदललं २०२३ मध्ये, म्हणून सगळ्या फाइलभर उस्मानाबाद काढून धाराशिव घातलं, तर १९८५ सालच्या एसटीची पाटीही बदलते. निवेदक आज बोलतोय की तेव्हाचा बोलतोय हे बघून एकेक जागा हातानंच करावी लागते.

ह्यात क्रम फार महत्त्वाचा आहे आणि आपल्याकडं तोच उलटा चालतो. आधी कुणीतरी कादंबरी कादंबरी म्हणून वाचायची, हे प्रकरण काढा, ह्या बाईचं पुढं काय झालं, शेवट घाईत उरकलाय, हे सांगायचं. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या संपादकांनी मौज प्रकाशन आणि सत्यकथा मासिकाच्या काळात जे केलं, लेखकाला पत्रं लिहून, कथा पुन्हा पुन्हा लिहायला लावून, ते हे काम. सत्यकथा १९८२ ला बंद झालं, आणि तेव्हापासून 'आता तसे संपादक राहिले नाहीत' असं म्हणायची एक पद्धतच पडलीय, जी मला थोडी आळशी वाटते, कारण तसं म्हटलं की पुढचं काही करायलाच नको. असो. ते झाल्यावर, प्रकरणं पक्की झाल्यावर, वर्डच्या फाइलवर कॉपी एडिटिंग, ट्रॅक चेंजेस चालू ठेवून, म्हणजे काय बदललं ते लेखकाला दिसतं. त्यानंतर डीटीपी. आणि पानं लागल्यावर सगळ्यात शेवटी प्रूफ, त्यात फक्त राहिलेल्या आणि नव्यानं शिरलेल्या चुका. आपल्याकडं पहिली दोन कामं गाळून सगळा भार प्रुफावर टाकतात. मग लावलेल्या पानांवर लेखकाला नवा परिच्छेद सुचतो, मजकूर सरकतो, पुढची सगळी पानं पुन्हा बघा, फर्म्याच्या, म्हणजे एकत्र छापायच्या, सोळा पानांचा हिशेब चुकतो, डीटीपीवाला वैतागतो आणि त्याचं काही चुकीचं नसतं.

नव्यानं शिरलेल्या चुका म्हणजे काय हे फाँटनं शिकवलंय. लेखक मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहितो, प्रेसमध्ये अजून जुन्या फाँटवर काम चालतं, मधल्या कन्व्हर्टरमध्ये 'दुसऱ्या'चा 'दुसर्या' होतो, जोडाक्षरं फुटतात, ॲ कुठं जातो पत्ता लागत नाही. लेखकानं बरोबर लिहिलेलं, तपासणाऱ्यानं बरोबर तपासलेलं, आणि छापून आलं चूक, परीक्षणात शेरा मात्र लेखकाच्या नावावर. म्हणून फाँट बदलल्यावर मूळ फाइल शेजारी ठेवून ओळ न् ओळ परत वाचावी लागते, त्याला पर्याय नाही.

पैशाचं बोलते, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही. हल्ली स्वतःच्या खर्चानं पुस्तक काढायची पॅकेजं निघालीत, मुखपृष्ठ, छपाई, प्रकाशन समारंभ, शाल-श्रीफळ सगळं धरून. त्यात 'एडिटिंग' असा एक शब्द असतो. ते कोण करणार, काय काय करणार, किती वेळा वाचणार, हे विचारलं की समोरचा विषय बदलतो. वर काही जण आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, वेगळे पैसे लावतात, जो राजा राममोहन रॉय संस्थेकडून फुकट मिळतो. नव्या लेखकांना माझं सांगणं एवढंच, की आधी आठ-दहा पानं नमुन्याला द्या, त्यात संवाद जास्त असलेली पानं द्या, आणि परत आल्यावर बघा की काय बदललं यापेक्षा काय तसंच ठेवलं. सगळं तांबडं करून आणणाऱ्याकडं जाऊ नका. काहीच न विचारता फाइल परत देणाऱ्याकडंही नको. दर पानावर असो नाहीतर शब्दावर, कामाआधी लिहून घ्या, व्हॉट्सॲपवर का होईना. आणि सरांना सुद्धा पैसे द्या, फुकट काम घेतलं की तक्रार करायला तोंड राहत नाही.

एक गोष्ट मात्र पुण्या-मुंबईला पाठवून होणार नाही. तिथले लोक चांगले आहेत, नियम त्यांना माझ्यापेक्षा जास्त येत असतील, पण 'करूलालास' ही टायपिंगची चूक नाही हे कळायला इथल्या चार लोकांत बसून चहा प्यायलेला असावा लागतो. आमच्या ओळखीतल्या एका लेखकाच्या हस्तलिखितातलं सगळं बोलणं बाहेरच्या प्रकाशकाकडून प्रमाण होऊन आलं होतं आणि त्याला ते छापील पुस्तक हातात आल्यावर कळलं. आपल्या विद्यापीठात मराठी शिकणारी पोरं आहेत, घरी तेलुगू-कानडी-उर्दू बोलून मराठीत लिहिणारी आहेत, त्यांच्याइतके चांगले कॉपी एडिटर कुठून मिळणार? मराठीला २०२४ च्या ऑक्टोबरात अभिजात दर्जा मिळाला तेव्हा गावात फलक लागले, पेढे वाटले, चांगलं झालं. त्यातलाच थोडा उत्साह विद्यापीठानं किंवा हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या संस्थेनं चार शनिवारांच्या वर्गाला दिला तर शिकवायला माणसं मिळतील, मी येईन.

आणि आपल्याकडं एक मागणं. पुस्तक-परीक्षणाच्या खाली चौकटीत तुम्ही प्रकाशक, पानं, किंमत, मुखपृष्ठकार छापता. त्यात 'संपादन व मुद्रितशोधन' अशी एक ओळ वाढवा, आणि पुस्तकात तसं नावच नसेल तर 'उल्लेख नाही' असं सरळ छापा.

कळावे,
आपली एक वाचक,
जुळे सोलापूर