कुंडलिकेच्या खोऱ्यातील इशारतीच्या जागांचे स्मरण व्हावे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या काही वर्षांत त्रिपुरी पौर्णिमेला आणि शिवजयंतीला किल्ल्यांवर दिवे आणि मशाली लावण्याची प्रथा आपल्याकडे चांगली रुजली आहे. रोह्याजवळच्या अवचितगडावरही यंदा असे काही करावे, अशी चर्चा आमच्या आळीतील तरुण मंडळींत सुरू आहे आणि तिचे मला मनापासून कौतुक वाटते. मात्र दिवे लावायचेच असतील तर ते नुसत्या शोभेसाठी न लावता, युद्धाच्या काळात एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर ज्या इशारती जात त्यांच्या स्मरणार्थ लावावेत, आणि एकट्या अवचितगडावर न लावता कुंडलिकेच्या मुखापर्यंत लावावेत, अशी सूचना मी या पत्रातून करू इच्छितो.

माझी नोकरीची बहुतेक वर्षे तारखात्यात गेली, त्यामुळे हा विषय मला जवळचा वाटतो हे आधीच कबूल करतो. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली. आज विशीत असलेल्यांना ती ठाऊकही नाही, परंतु तिच्यातली एक युक्ती इथे सांगण्याजोगी आहे. लग्नाच्या शुभेच्छांची तार आली की आम्ही सगळा मजकूर पाठवत नसू. ठरलेल्या यादीतला केवळ आकडा पाठवायचा आणि पलीकडच्या तारमास्तराने त्या आकड्यासमोरचे पूर्ण वाक्य कागदावर उतरवायचे, अशी रीत होती. डोंगरावरचा जाळ म्हणजे असाच एक आकडा. जाळाला बोलता येत नाही. ‘दिसला तर काय समजायचे’ हे दोन्ही टोकांच्या माणसांनी आधी ठरवलेले असेल तरच त्याला अर्थ. म्हणूनच तो कोणी पेटवावा, कधी पेटवावा आणि कोणाच्या हुकमाने पेटवावा याला बंधन लागते, कारण एखाद्या धनगराची शेकोटी इशारत समजून सारे खोरे जागे झाले तर पुढच्या वेळी खऱ्या इशारतीवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. दुसरी गोष्ट पोचेची. पलीकडच्या डोंगरावर उलट जाळ दिसेपर्यंत आपला निरोप पोचला असे धरून चालता येत नाही.

कुंडलिकेच्या खोऱ्यात अशा निरोपाची गरज का पडत असेल, हे नकाशा पाहिला की समजते. ही नदी भिऱ्याच्या बाजूने सह्याद्री उतरते, कोलाड आणि रोहा करत पश्चिमेला जाते आणि रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. मुखाच्या उत्तरेला रेवदंड्याचा कोट आणि दक्षिणेला कोर्लईचा किल्ला. कोर्लई पोर्तुगिजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून घेतला आणि १७४० पर्यंत तो त्यांच्याकडे राहिला. दक्षिणेला जंजिऱ्याचा सिद्दी होता आणि त्याच्यावर नजर ठेवण्यासाठी बिरवाडीसारखे किल्ले होते. म्हणजे खोऱ्याचा वरचा भाग मराठ्यांचा, मुख परक्याचे आणि बगलेला शत्रू, अशी स्थिती बराच काळ होती. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने चौल-रेवदंड्याला वेढा घातला, तोही याच पट्ट्यात. भरतीच्या पाण्याबरोबर मचवे थेट रोह्यासमोरच्या अष्टमी गावापर्यंत येत असत, त्यामुळे खाडीच्या तोंडाशी कोणाची गलबते उभी आहेत ही बातमी रोह्याच्या बाजारपेठेसाठी जिवाची होती. सांडणीस्वार किंवा जासूद खाडीकाठच्या वाटेने धावेपर्यंत भरती येऊन गेलेली असणार.

जाळाने निरोप देण्याचा दाखला आपल्या इतिहासात आहे आणि तो सर्वांच्या परिचयाचा आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री सिंहगड काबीज झाल्यावर गडावरील पागेच्या घरांना आग लावण्यात आली आणि तिचा उजेड राजगडावरून पाहून महाराजांनी गड आल्याचे ओळखले, असे सभासदाच्या बखरीत येते. आपण ही गोष्ट तानाजींच्या बलिदानासाठी सांगतो आणि ते योग्यच आहे. पण त्या रात्री राजगडाच्या तटावर कोणीतरी सिंहगडाच्या दिशेला डोळे लावून बसले होते, हेही त्या गोष्टीत आहे आणि तिकडे आपले लक्ष सहसा जात नाही.

माझी एक भाची अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या काठी राहते. तिच्याकडे गेलो असताना मी एक डोंगर पाहिला. १७७५ ते १७८३ या काळात इंग्रजांशी स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना त्या डोंगरावर इशारतीचा जाळ तयार ठेवलेला असे, कारण खाली न्यूयॉर्क शहर १७७६ पासून इंग्रजांच्या ताब्यात होते आणि त्यांची जहाजे नदीतून वर सरकली तर खोऱ्यातल्या सैन्याला ते लगेच कळायला हवे होते. शेजारच्या न्यू जर्सीत १७७९ मध्ये अशा जाळांची रांगच उभारली गेली. ओंडके आणि झाडोरा रचून खाली रुंद आणि वर निमुळते होत जाणारे अठरा-वीस फूट उंचीचे ढीग त्यासाठी केले जात. जून १७८० मध्ये इंग्रज फौज तिथे उतरली तेव्हा टेकडीवरची तोफ आणि डांबराचे पेटते पिंप यांच्या इशारतीने गावोगावचे शेतकरी बंदुका घेऊन गोळा झाले. हडसनकाठच्या त्या डोंगरावर १९०० साली एका महिला संस्थेने २७ फूट उंचीचा दगडी स्तंभ उभारला आणि १९१३ मध्ये पायथ्याची दोन गावे एकत्र होऊन शहर झाले, तेव्हा त्याला ‘बीकन’ म्हणजे इशारतीचा जाळ हेच नाव देण्यात आले. हे वाचून आपणही स्तंभ उभारावा असे कोणी म्हणेल, तर माझा त्याला विरोध राहील. आपल्या गडांवर सिमेंट पुरेसे झाले आहे. मला त्यातले आवडले ते एवढेच, की तिथल्या लोकांनी लढाईच्या जागेबरोबर निरोपाची जागाही स्मरणात ठेवण्याजोगी मानली.

आपल्याकडे ही साखळी कशी दिसत असेल, याचा अनुभव मला न मागता मिळाला. बऱ्याच वर्षांपूर्वी शिमग्याच्या पौर्णिमेला आम्ही चौघे मित्र मेढ्याच्या वाटेने अवचितगडावर मुक्कामाला गेलो होतो. बारा कोनांच्या टाक्याजवळ भाकरी खाऊन आम्ही बुरुजावर आलो, तो खाली मेढ्याचा होम पेटला. पाच-दहा मिनिटांत नदीपलीकडे दुसरा, मग पश्चिमेला तिसरा, असे करत आम्ही अकरा होम मोजले. शेवटचा तर डोळे बारीक केल्यावरच कळत होता. तांबूस ठिपका, मध्येच धुराने झाकला जाई आणि पुन्हा वर येई. एवढ्या चांदण्यातही ते दिसले. तेव्हा धाटावच्या कारखान्यांचा उजेड आजच्या इतका नव्हता, ही गोष्ट खरी आहे.

यातूनच माझ्या सूचनेतल्या तिथीचा मुद्दा निघतो. त्रिपुरी पौर्णिमेला देवळातली दीपमाळ शोभते, इशारत शोभत नाही. दूरचा दिवा पाहायचा तर अंधार हवा. त्यामुळे त्रिपुरीनंतर पंधरा दिवसांनी, कार्तिकी अमावास्येच्या रात्री हा कार्यक्रम करावा. पाऊस सरून हवा स्वच्छ झालेली असते आणि दुसऱ्या दिवशी देवदिवाळी असल्याने मुंबईची मुले गावी आलेली असतात, हा व्यावहारिक फायदाही आहे.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा आगीचा आहे. खरा जाळ कुठेही पेटवू नये. कार्तिकात डोंगरउतारावरचे गवत वाळू लागते, एक ठिणगी पुरते, आणि लागलेला वणवा विझवायला शेवटी पायथ्याच्या वाडीतल्याच लोकांना डहाळ्या घेऊन पळावे लागते. याच पट्ट्यात फणसाडचे अभयारण्य १९८६ पासून आहे आणि तिथल्या शेकरूंना आपल्या इतिहासाशी काही देणेघेणे नाही. सरपणासाठी झाडे तोडायची तर आरमाराच्या लाकडासाठीसुद्धा रयतेचे आंबे-फणस तिच्या राजीखुशीशिवाय तोडू नयेत, असे बजावणारे आज्ञापत्र आपल्याच परंपरेतले आहे. बॅटरीवर चालणारे, पिवळसर उजेडाचे मोठे दिवे आज सहज मिळतात. ते बुरुजावर ठेवावेत, वनखात्याची आणि पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी आधी घ्यावी आणि गडावर ध्वनिक्षेपक नेऊ नये. एका गडावरच्या अशाच कार्यक्रमात मी गेल्या वर्षी होतो. तिथे ढोल, लेझर आणि भाषणे मिळून असा गोंगाट झाला, की समोरच्या डोंगरावरच्या मुलांनी मशाली लावल्या आणि विझवल्या तरी आमच्या बाजूच्या कोणी तिकडे पाहिलेसुद्धा नाही.

पायथ्याशी एखादा फलक लावायचा झाल्यास त्यावर मोजका मजकूर असावा. अवचितगडाच्या बुरुजावर शके १७१८, नळनाम संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा, असा कोरीव लेख आहे. म्हणजे १७९६ सालचा पाडवा. त्या लोकांनी शक, संवत्सर आणि तिथी असे नेमके खोदले. आपणही फलकावर दिशा दाखवावी, तिकडे कोणता गड आहे ते लिहावे, आणि जे कागदात नाही ते रंगवून सांगू नये. मात्र त्यात एक ओळ मेटकऱ्यांसाठी जरूर असावी. गडाच्या घेऱ्यात राहून पहाऱ्याला जाणारी ही माणसे, त्यांत निरनिराळ्या जातींचे लोक होते. रात्रीच्या चौकीचे काम त्यांचेच. आमचे ग्रामदैवत धावीर महाराज यांच्या पालखीला सशस्त्र पोलीस सलामी देतात, याचा प्रत्येक रोहेकराला अभिमान आहे; गावाच्या रखवालदाराला मान द्यायची ही रीत आम्हाला नवी नाही.

कोर्लईच्या टोकाला १९५५ पासून दीपगृह आहे आणि ते रोज संध्याकाळी लागते. साखळीचे पश्चिमेकडील टोक म्हणून वेगळा दिवा लावण्याचीही तिथे कदाचित गरज नाही. प्रश्न मधल्या टप्प्याचा आहे. अवचितगडावरचा दिवा बिरवाडीवर कुठून दिसतो, मध्ये कोणती टेकडी आडवी येते, हे नकाशावर वाद घालून ठरणार नाही. त्यासाठी आधी एक साधी चाचणी घ्यावी. वयामुळे मला आता गड एका दमात चढवत नाही, तरी दुपारीच निघून अमावास्येच्या आदल्या रात्री साडेसात ते आठ या वेळात अवचितगडाच्या पश्चिमेकडच्या बुरुजावर दिवा धरून उभे राहण्याची माझी आणि आळीतल्या तीन मुलांची तयारी आहे. चणेरा, बिरवाडी आणि खाडीकाठच्या गावांतील वाचकांनी त्या अर्ध्या तासात पूर्वेकडे पाहावे. दिवा दिसल्यास कोणी फोन करू नये. तीन वेळा उलट दिवा दाखवावा. आम्ही वहीत वेळ लिहून घेऊ.

आपला नम्र,
तारखात्यातील एक निवृत्त कर्मचारी,
रोहा, जि. रायगड